आत्तीचा दगडी पाला

माझ्या पापण्या पहिल्यांदा सुजल्या तेव्हा गणपतीची सुट्टी संपून कंपनी नुकतीच सुरू झाली होती. सकाळी बसच्या थांब्यावर उभी राहिले, तर रोज तोंडाचा पट्टा सुरू असलेल्या दोघी माझ्याकडे बघून एकदम गप्प झाल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "घरात भांडण झालंय व्हय गं?" मी म्हटलं, "झालं असतं तर समोरच्याचं तोंड सुजलं असतं, माझं न्हवं." हसण्यावारी गेलं सगळं. पण बसच्या काचेत मला माझे डोळे दिसत होते आणि मला काही हसू येत नव्हतं.

भांडकुदळ म्हणून माझं नाव आहे आणि ते मी मेहनतीनं कमावलेलं आहे. कामही तसलंच मिळालं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ट्रॅक्टरला लागणारे सुटे भाग मशीनवरून उतरतात आणि तेलपाण्यानं निथळत माझ्या टेबलावर येतात. त्यांना आम्ही जॉब म्हणतो. जॉब हातात घ्यायचा, गेज लावायचं, भोक मापात आहे का, कुठं चरा गेलाय का ते बघायचं, आणि बिघडलेला असला तर लाल ठिपका देऊन बाजूला टाकायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, अशी नोकरी मिळायला नशीब लागतं असं माझा नवरा म्हणतो. घरात हेच काम तू फुकट करतेस, हेही तोच म्हणतो.

पापण्यांवरचं ते आठवड्याभरात गालावर आलं, गालावरून मानेवर उतरलं, मग कोपरांच्या आतल्या घडीत बसलं. आधी नुसतं लाल, मग मोहरीएवढ्या पुटकुळ्या, मग त्या फुटून जाड खरखरीत कातडी. खाज तर विचारूच नका. चारचौघांत बसलं की हात मांडीखाली दाबून ठेवायचा, इतकं.

कारखान्यात सगळ्यांनी मिळून एका दिवसात निदान केलं. कूलंट. मशीन तापू नये म्हणून जॉबवर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट. त्यानं पूर्वी दोन-तीन ऑपरेटरांच्या हाताला फोड आले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही ते पटलं. दिवसभर मी त्यातच हात घालत होते की.

आणि हे सगळं नेमकं त्या वर्षी झालं. सहा वर्षं मी ठेकेदाराकडची होते. ठेकेदाराकडची म्हणजे दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक. ब्रेक म्हणजे काही दिवस घरी बसायचं आणि मग नवीन म्हणून पुन्हा कामावर लागायचं. सहा वर्षांत मी किती वेळा नवीन झाले ते मलाही आठवत नाही. ज्या पोरांना मी गेज धरायला शिकवलं ती माझ्याआधी जुनी झाली. त्या वर्षी कंपनी ठेकेदाराकडच्या चौघांना पर्मनंट करणार होती. यादीत माझं नाव होतं, बाई म्हणून एकटीचं. दिवाळीनंतर मेडिकल होणार, त्यात फिट निघालं की ऑर्डर हातात.

माझं तोंड बघून साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. ते म्हणाले, "ताई, कूलंटची ॲलर्जी निघाली तर शॉपवर, म्हणजे मशीनजवळ, ठेवता येणार नाही. डॉक्टर अनफिट लिहितील आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही. दिवाळीपर्यंत तोंड बरं करा, काय करायचं ते करा." मी हो म्हटलं. बाहेर आले आणि मेडिकलच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब आणली. लावली की दोन दिवस बरं वाटायचं, थांबवली की दुप्पट यायचं.

घरात आम्ही तिघं. नवरा वायरमनची कामं घेतो, मी ही अशी, आणि आत्ती. आत्ती म्हणजे माझी सासू. कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे. पुढं विहार, विहारामागं घरं, घरांमागं प्लॉट. हे प्लॉट म्हणजे एके काळची उसाची रानं. लोकांनी ते घेतले, चार कोपऱ्यांत चार दगड पुरले आणि भाव वाढायची वाट बघायला आपापल्या गावी निघून गेले. मालक काही परत आले नाहीत, गाजरगवत मात्र आलं. कमरेएवढं. वर बारीक पांढरी फुलं, लांबून बघितलं तर कुणी साबुदाणा सांडलाय असं वाटावं.

आत्तीनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केलेली. भांगलायला बसली की तिच्या ओळीत तणाची काडी राहायची नाही, असं अजून जुनी माणसं सांगतात. आता वय झालं म्हणून मजुरी सोडली, पण हात रिकामे ठेवायचे म्हणजे तिला आजार. म्हणून तिनं वडगावच्या बाजारातनं एक म्हैस आणली. सकाळी उठून प्लॉटच्या कडेनं विळा फिरवायचा, गवताचा भारा डोक्यावर घेऊन यायचं, घराला लागूनच असलेल्या छपरात म्हशीपुढं टाकायचं. गवतातून गाजरगवताच्या काड्या यायच्याच. म्हैस शहाणी, ती तोंडानं ते बाजूला सारायची. मग ते तिथंच वाळायचं, चुरा व्हायचा, वाऱ्यानं उडायचा. आणि त्याच छपरावरून आमची कपडे वाळत घालायची तार गेली होती. रविवारी त्या गव्हाणीतला सगळा कचरा मी झाडून काढायचे, कारण झाडलोट मला माझ्याच हातची लागते. हे सगळं आता लिहिताना किती उघड दिसतंय. तेव्हा दिसलं नाही.

माझं तोंड बघून आत्ती म्हणाली, "ह्यात डॉक्टर काय करतोय? मी बघतो की." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात, आणि आत्ती तर त्यातली मुकादम.

तिचं औषध म्हणजे दगडी पाला. बांधावर, दगडांच्या फटीत, जमिनीला धरून पसरणारं हे रोप. एका लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेनं पांढरं. विळा लागला, ठेच लागली, की आमच्या भागात आधी हाच पाला चोळून लावतात आणि रक्त थांबतं, हे मी स्वतः बघितलेलं आहे. वस्तीत कुणाच्या पोराचा गुडघा फुटला तरी पोराला दवाखान्याच्या आधी आत्तीकडं आणायचे. ती पाला दोन दगडांत ठेचायची, पोराच्या नाकाला धरून त्याला काहीतरी शिवी हासडायची, पोरगं हसायचं आणि त्या हसण्यात ती रस पिळून मोकळी व्हायची. तिला त्याचा फार अभिमान होता. तिच्याकडं लोक मागायला येत, अशी तिच्या आयुष्यात ती एकच गोष्ट होती.

तर ती रोज पहाटे माझ्या बसच्या आधी उठायची. दंव असतानाच पाला आणायची, ठेचायची, फडक्यातून रस पिळायची आणि माझं तोंड मांडीवर घेऊन पापण्यांना, गालाला, मानेला बोटानं लावायची. तिचा तळहात घासणीसारखा खरखरीत, पण ते एक बोट कसं कोण जाणे मऊ होतं. माझ्या आईनं मला असं मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. आम्ही पाच भावंडं होतो, मांडी कुणाकुणाला पुरणार?

"आत्ती, झोंबतंय."

"झोंबू दे. झोंबलं म्हंजे लागू पडलं."

आणि मी ऐकलं. मापात केसाएवढा फरक पडला तर जॉब बाजूला काढणारी मी, रोज तोंड आणखी लाल होतंय हे आरशात बघत होते आणि म्हणत होते, लागू पडतंय.

शेवटी नवऱ्यानंच मनावर घेतलं. एका शनिवारी त्यानं गाडी काढली आणि मला राजारामपुरीत स्किनच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर तरुण बाई होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "कूलंटची ॲलर्जी हाय, मला फक्त दिवाळीपर्यंत बरं करा." त्या म्हणाल्या, "बरं. हात दाखवा."

मी हात पुढं केले. त्यांनी उलटे करून बघितले, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, नखांच्या कडा बघितल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर हातांनी काम करता ना? कूलंट आधी कुठं लागतं? हातांना. मग हात इतके स्वच्छ कसे?"

मी माझ्याच हातांकडं बघत राहिले. तीन आठवडे मी माझं तोंड आरशात बघत होते, हात कधी बघितलेच नव्हते. सहा वर्षांत कुणी माझी चूक इतक्या थोड्या शब्दांत काढली नव्हती, आणि खरं सांगते, मला त्या बाईचा राग यायच्या ऐवजी आदर वाटला.

"सुट्टीच्या दिवशी कमी होतं की वाढतं?" त्यांनी विचारलं.

वाढायचं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांत जास्त. हेही मला माहीत होतं, फक्त त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

त्या म्हणाल्या, पाठीवर चाचणी करू. निरनिराळ्या पदार्थांच्या बारीक टिकल्या पाठीवर पट्टीनं चिकटवायच्या, दोन दिवस तशाच ठेवायच्या, पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. त्यांनी मला कूलंटही आणायला सांगितलं. मी साहेबांकडं मागितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतः उठून बाटली भरून दिली आणि दोन दिवसांची रजाही लिहिली. बाई पर्मनंट व्हायच्या आधीच कंपनीच्या चुका काढायला निघालीय, असं मागून कुणीतरी बोललं. बोलू दे.

ते दोन दिवस उकाड्याचे होते. पाऊस मागं फिरलेला, ऊन चटचटीत. पाठीवर पट्ट्या आणि त्यांच्याखाली खाज. डॉक्टरांनी बजावलेलं, हात लावायचा नाही. मी घरात वाघिणीसारख्या फेऱ्या मारत होते आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडत होते. नवरा शहाण्यासारखा कामाला निघून गेला. आत्तीनं मला हाताला धरून खाली बसवलं, माझी पावलं स्वतःच्या मांडीवर घेतली आणि जुन्या कंगव्यानं माझे तळवे घासायला लागली.

"खाज पाठीला हाय, आत्ती."

"ठाव हाय की. एकीकडची खाज दुसरीकडनं काढायची. गप बस."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण निघायची. त्या दोन दिवसांत तिनं किती वेळ माझे तळवे घासले असतील याचा हिशेब नाही. मध्येच उठून म्हशीचं बघायची, डेअरीला दूध घालून यायची आणि पुन्हा कंगवा घेऊन बसायची. सुनेची पावलं सासूनं मांडीवर घेतलेली बघून शेजारीण दारातच थबकली. आत्ती तिला म्हणाली, "बघतीस काय? तुझी बी घासू?"

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पाठ बघितली. नवऱ्यानं मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. कूलंटची जागा कोरी. साबणाची कोरी, रबराची कोरी. एका जागी मात्र लालभडक फुगवटा, वर पुटकुळ्या. "गाजरगवत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या कूलंटला उगाच बदनाम केलं. तसं सर्टिफिकेट देते मी."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. नोकरी वाचली होती. मग त्या औषधं लिहिता लिहिता म्हणाल्या, "आणि तोंडाला आणखी काय काय लावलंय?"

मी सांगितलं. ट्यूब सांगितली आणि दगडी पाला सांगितला. पाला कसा दिसतो ते त्यांनी विचारलं, मी फुलाचं वर्णन केलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, गाजरगवत आणि हा तुमचा पाला, सगळी एकाच कुळातली. दुसऱ्या कुणाला त्यानं काही होणार नाही. पण तुमचं अंग या कुळाला बिथरलंय. तुम्ही रोज सकाळी आगीत तेल ओतत होता. पाला बंद, आणि गाजरगवत घराजवळ नको. नाहीतर माझ्या गोळ्या कितीही घ्या, दिवाळीपर्यंत काही होणार नाही."

घरी येताना गाडीवर मी नवऱ्याला बजावलं, पाल्याचं आईला सांगायचं नाही. आत्तीला काय सांगणार होते मी? की इतके दिवस पहाटे उठून तुम्ही जे केलंत त्यानंच माझं तोंड जळालं? मी ठरवलं, तिला कळूच द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला सांगू लागले, "द्या, मी बसमध्ये लावते," आणि पाल्याची पुरचुंडी घेऊन थांब्याजवळच्या गटारात टाकू लागले. बाकी भांडण करायला मी पुढं, पण हे एक खरं बोलायचं धाडस मला होईना.

चौथ्या दिवशी आत्ती त्याच वाटेनं डेअरीला गेली आणि तिला गटारात तिची तीन फडकी दिसली.

संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं आणि तिनं फडकी माझ्यापुढं टाकली. "पसंत न्हवतं तर सांगायचं हुतंस. मी काय तुला मारलं असतं?" तिचा आवाज चढलेला, माझं तोंड आग-आग होत असलेलं, दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले. मी बोलून गेले, "तुमच्या पाल्यानंच माझं तोंड जळालंय! डॉक्टर म्हणाल्या. तुमचा पाला आणि तुमच्या म्हशीची वैरण, त्यानंच माझी नोकरी जाणार हाय!"

ती खाली बसली. आत्ती आणि गप्प, हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघितलं. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायची सवय नाही, ती जिभेवर येईना. आठवलं की अजून मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर छपरात म्हैस नव्हती. मला वाटलं, विकली की काय. नवऱ्यानं सांगितलं, रात्री आत्तीनं त्याच्याकडून डॉक्टरांचं गाजरगवताचं सगळं बोलणं काढून घेतलं आणि म्हैस तळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधलीय. त्यांच्या रानात आत्तीनं कित्येक वर्षं भांगलण केली होती, त्या ओळखीवर त्यांनी जागा दिली. सकाळ-संध्याकाळ ती तिकडं चालत जायची, धार काढायची आणि घरी आली की आधी मागच्या नळावर अंघोळ करून, लुगडं बदलून मगच उंबरा ओलांडायची. कपड्यांची तार तिनं पुढच्या बाजूला बांधून घेतली. छप्पर झाडून, धुऊन, वर सारवून ठेवलं. हे सगळं एक शब्दही न बोलता. पदर डोक्यावरून कानाखाली घट्ट लपेटून घ्यायची आणि माझ्यापासून चार हात लांबून जायची. जेवायला बसली तरी पाठ करून. मला वाटलं, फुगलीय. मीही म्हटलं, फुगू दे, किती दिवस फुगते बघू.

माझं तोंड मात्र उतरायला लागलं. आधी पापण्या मोकळ्या झाल्या, मग गालांची आग थांबली. आरशात माझी मी मला पुन्हा दिसू लागले. मी सगळं श्रेय गोळ्यांना दिलं.

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी मागच्या दारात उभी राहिले आणि बघतच राहिले. प्लॉट मोकळे होते. आमच्या भिंतीपासून पार विहारापर्यंत आणि तिथून बसच्या थांब्याच्या वाटेपर्यंत गाजरगवताची काडी नव्हती. नुसती काळी माती, आणि कडेला खड्ड्यात पुरलेल्या ढिगावर दगड ठेवलेले. मला वाटलं, मालकांनी जेसीबी आणला असणार. मी शेजारणीला विचारलं.

"कसला जेसीबी? तुझी सासू की!" ती म्हणाली. "तू बसला गेलीस की ती मागं जाती. बसून, मुळासकट एकेक उपटलंय तिनं. आम्ही बी गेलतो दोन-चार दिस, पर तिच्याबरोबर कुणाचं हात चालत्यात? आणि पेटवू बी दिलं न्हाय. धूर तुझ्या घरात जाईल म्हणाली."

मी घरात आले. आत्ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी म्हटलं, "आत्ती, मागचं सगळं तुम्ही उपटलं?"

"भांगलणच की ती," ती भिंतीकडं बघूनच म्हणाली. "जलमभर दुसऱ्याच्या रानात केली. एकदा आपल्या दारात केली तर काय झिजलो व्हय मी?"

मला तेव्हाच तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण मी नुसतीच उभी राहिले आणि म्हणाले, "चहा टाकू?" आमच्या घरात प्रेम बोलायची पद्धत नाही, ते चहातून जातं. तिनं तो घेतला, तोही पाठ करूनच.

मेडिकल झालं. कंपनीच्या डॉक्टरांनी माझं तोंड उजेडात धरून बघितलं, सर्टिफिकेट वाचलं आणि फिट लिहिलं. आठ दिवसांनी साहेबांनी चौघांना बोलावून ऑर्डरी दिल्या. माझी देताना म्हणाले, "ताई, आता मात्र आमच्या चुका कमी काढा." मी म्हटलं, "आता तर जास्त काढणार, आता मला कोण घालवतंय?" सगळे हसले. मी ते पाकीट ब्लाउजमध्ये ठेवलं आणि बसमध्ये सारखा हात लावून बघत होते. पुन्हा कधी नवीन व्हायचं नव्हतं मला. खिडकीतून गार वारा तोंडावर येत होता आणि तोंडाला काही होत नव्हतं. इतकं साधं सुख माणसाला किती वेळा मिळतं आणि कळतच नाही.

उतरताना पेढे घेतले. घरात शिरले तर आत्ती विळीवर भाजी चिरत होती. मी पाकीट तिच्यापुढं धरलं, "आत्ती, पर्मनंट!" तिला वाचता येत नाही, पण तिनं हात लुगड्याला पुसून कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि कपाळाला लावला. मी पेढा तिच्या तोंडात घातला आणि या वेळी मात्र चहाबिहा काही नाही, सरळ तिला मिठी मारली.

ती ओरडली. आनंदानं नव्हे, दुखून.

पदर मागं सरकला. तिची मान, कानांच्या मागची कातडी, हनुवटीखालचा भाग, सगळं लाल, सुजलेलं, जागोजागी फुटून पाणी सुटलेलं. कोपरं तशीच. बोटांच्या बेचक्यांत भेगा. माझ्यापेक्षा दुपटीनं वाईट. इतके दिवस ती माझ्याकडं पाठ करून बसत होती ती फुगली म्हणून नव्हे. मी मात्र स्वतःला क्वालिटीची बाई म्हणवते.

"पाला लावला न्हाय?" मी मूर्खासारखं विचारलं.

"त्यो आता कुणालाच लावत न्हाय मी," ती म्हणाली. "परवा शेजारचं पोरगं पडलं, तर दवाखान्यात न्या म्हणलो."

त्या वाक्यानं मला जे झालं ते तिच्या मानेकडं बघूनही झालं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले आणि महिनाभर अडकलेलं बोलले. म्हटलं, आत्ती, पाल्याचा दोष नाही, तुमचा तर नाहीच नाही. माझ्या अंगाचा आहे आणि माझ्या जिभेचा आहे. मला माफ करा. ती म्हणाली, "उठ, भाजी करपायची," आणि चुलीवर अजून काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी पर्मनंट झाल्यावरची पहिली रजा टाकली. आत्ती यायला तयार नव्हती, नवऱ्यानं आणि मी अक्षरशः ओढून रिक्षात बसवली. डॉक्टरांच्या खुर्चीवर ती अंग चोरून बसली, पदर पुन्हा कानाखाली करकचून बांधलेला. डॉक्टरांनी कोपरं बघितली, बोटं बघितली, आणि माझ्याकडं वळून विचारलं, हे कशानं? मी सगळं सांगितलं. दोन आठवडे, उघड्या हातांनी, माझ्यासाठी. डॉक्टर आत्तीवर रागावल्याच.

"आजी, पहिल्या दोन-तीन दिवसांतच आग व्हायला लागली असेल ना? तेव्हाच का नाही आलात? निदान थांबायचं तरी."

"थांबून कसं चालंल?" आत्ती म्हणाली. "हिला दिवाळी झाल्यावर सायबाला तोंड दाखवायचं हुतं. मला कुणाला दाखवायचं हाय?"

"मला," मी म्हणाले. "मला दाखवायचं हाय, आत्ती. रोज."

मग तिनं स्वतःच्या हातानं पदराची गाठ सोडली आणि मान माझ्या बाजूला वळवली.